हवामान दापोलीचं, समुद्र हर्णैचा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आमच्याकडे मुंबई-पुण्याहून फोन सुरू होतात. “भाऊ, शनिवार-रविवार येतोय. हवामान कसं आहे तिकडे?” मी विचारतो, “कुठलं सांगू? दापोलीचं की समुद्राचं?” पलीकडचा हसतो. त्याला वाटतं मी थट्टा करतोय. मोबाइलमध्ये दापोली टाकलं की ढगाआडून डोकावणारा सूर्य दिसतो, खाली २९ अंश लिहिलेलं असतं आणि त्याच्यापुरता विषय मिटतो. पण दापोली आहे वर डोंगरावर, किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत. तिथल्या उन्हाचा आणि हर्णैच्या लाटेचा आपसात काही करार झालेला नाही.

आमचं घर हर्णै बंदरातलं. बोट भावाच्या नावावर आहे. समुद्रावर मी क्वचित जातो. किनाऱ्यावरची कामं माझ्याकडे असतात. डिझेल, बर्फ, शिधा, मच्छीमार सोसायटीचे कागद आणि वायरलेस. बोट बाहेर असते तेव्हा तिच्याशी बोलणारा आणि तिला हवा सांगणारा माणूस मी. म्हणून हवामानाचं बुलेटिन मी हौसेनं वाचत नाही, हिशेबाच्या वहीसारखं रोज वाचतो. ते कसं वाचावं हे मात्र मला २०१९च्या दिवाळीनं शिकवलं.

त्या वर्षी पाऊस लांबला होता. दसरा झाला तरी आभाळ मोकळं होत नव्हतं आणि सगळ्यांचे हंगामाचे दिवस वाया गेले होते. २१ ऑक्टोबरला, सोमवारी, विधानसभेचं मतदान होतं. खलाशांपैकी ज्यांची नावं इथल्या यादीत होती त्यांनी बोटाला शाई लावून घेतली आणि संध्याकाळच्या भरतीला बोट सुटली. रविवारी लक्ष्मीपूजन. त्याच्या आत परत यायचं, एवढाच बेत. बर्फही तेवढाच भरलेला.

गुरुवारी, २४ तारखेला, निकाल लागले. घराघरांत टीव्ही चालू होते, कोण पुढे कोण मागे याचीच चर्चा होती. त्याच दिवशी पूर्वमध्य अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या क्षेत्राचं डिप्रेशन झालं आणि मच्छीमारांसाठी इशारा आला: समुद्रात जाऊ नये, गेलेल्यांनी परतावं. आकड्यांच्या गर्दीत एखाद्या चॅनेलच्या खालच्या पट्टीवर ते सरकून गेलंही असेल. बंदरात निरोप सोसायटीकडून फिरला.

आमची बोट तेव्हा रत्नागिरीच्या बाहेर पस्तीस वाव पाण्यात होती. वायरलेसची पोच तेवढी नव्हती, मधल्या एका बोटीनं निरोप इकडून तिकडे केला. बोट चालवणाऱ्या तांडेलमामांनी जाळं ओढलं, आवरलं आणि रात्री उशिरा तोंड घराकडे वळवलं. वाटेत जयगड होतं, तिथलं पाणी खोल, कुठल्याही वेळी आत शिरता येतं. पण धनत्रयोदशी उजाडत होती. पोरांना घरी जायचं होतं, मासळी हर्णैच्या लिलावात टाकायची होती. वायरलेसवर वाऱ्याची चर्चा झाली, पावसाची झाली, भरतीची झाली नाही.

ज्यांनी हर्णै पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुवर्णदुर्गासमोर बोटी उघड्यावरच नांगरतात. दर्या बिघडला की तिथं थांबण्यात अर्थ नसतो. मग जवळचा आसरा म्हणजे उत्तरेला आंजर्ल्याची खाडी. पण खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली असते आणि पाणी भरल्याशिवाय मोठी बोट आत जात नाही. दक्षिणेला दाभोळ, समुद्रमार्गानं पंचवीसेक किलोमीटर. त्याच्या पुढे जयगड. म्हणजे हर्णैच्या बोटीसाठी “घरी पोचलो” आणि “सुरक्षित पोचलो” या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांच्या मधोमध भरतीची वेळ उभी असते.

शुक्रवारी दुपारी मी मोटारसायकल घेऊन आंजर्ल्याच्या खाडीकडे गेलो. पाऊस झिमझिम होता, छत्रीही उघडली नव्हती. वारा पाठीवर येत होता, जमिनीकडून. सुरूच्या झाडांचे शेंडे समुद्राकडे वाकलेले. किनाऱ्याजवळचं पाणी त्या वाऱ्यानं चापूनचोपून सपाट केलेलं, पहिल्या नजरेला शांतच वाटावं असं. पण बाहेरून लांबलचक काळ्या वळ्या येत होत्या, एकामागून एक, घाई न करता. दोन लाटांमधलं अंतर मी सेकंदांत मोजलं, दहाच्या आसपास भरत होतं. वाळूवर पाणी उथळ झालं की ती वळी जागच्या जागी उभी राहायची, समोरून येणारा वारा तिचा माथा मागे उडवायचा, आणि खाडीच्या या काठापासून त्या काठापर्यंत पांढरं व्हायचं. त्यात ओहोटी चाललेली. खाडीतून बाहेर निघणारं पाणी येणाऱ्या लाटेला टक्कर देत होतं, त्यानं लाट आणखी उभी होत होती.

आमच्या बोटीच्या पुढे एक दुसरी बोट होती. ती शिरायला गेली. मागचा भाग वाळूला लागला, बोट आडवी झाली, आणि पुढची लाट तिच्या कुशीवर आली. माणसं वाचली, किनाऱ्यावरच्या पोरांनी दोर टाकून एकेकाला ओढलं. बोट मात्र तिथंच राहिली आणि दोन दिवसांत तिच्या फळ्या झाल्या. आमच्या मामांनी ते बाहेरून पाहिलं आणि काही न बोलता सुकाणू दक्षिणेला फिरवलं. दाभोळपर्यंत वारा डाव्या अंगानं आणि लाट उजव्या अंगानं. डेकवरची जाळी गेली. शीतपेटीचं झाकण उचकटलं आणि एका खलाशाची दोन बोटं त्यात चिरडली. अंधार पडल्यावर, भरतीचं पाणी चढत असताना, ते वाशिष्ठीच्या तोंडातून आत शिरले.

क्यार नावाचं ते चक्रीवादळ त्या वेळी रत्नागिरीपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास समुद्रात होतं. ते आमच्या किनाऱ्यावर आलंच नाही. पश्चिमेला वळलं, भर समुद्रात सुपर सायक्लोन झालं आणि ओमानच्या दिशेनं जाता जाता विरलं. वर्तमानपत्रात “कोकणावरचा धोका टळला” असं छापून आलं. खरंच होतं ते, जमिनीपुरतं.

तेव्हापासून मी जे करतो ते इथं लिहितो आहे. बोटवाल्यांना यातलं बरंच ठाऊक असेल. पण अलीकडे किनाऱ्यावर नव्यानं आलेले पुष्कळ आहेत: डॉल्फिन दाखवणारे, पॅरासेलिंगवाले, गळ टाकून मासे पकडायला कातळावर बसणारे, आणि होमस्टेचे मालक, ज्यांना पाहुणे रोज विचारतात, “पाण्यात उतरलं तर चालेल ना?”

पहिलं म्हणजे रंग. पिवळा, नारिंगी, लाल हे जे जिल्ह्यांचे नकाशे फिरतात ते बहुतेक वेळा पावसाचे असतात. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला तर जोरदार, ११५.६च्या वर अतिजोरदार, २०४.५च्या वर अत्यंत जोरदार, असं ते मोजमाप आहे. घाटात दरड कोसळेल का, नदीला पूर येईल का, हे त्यावरून कळतं. समुद्र कसा असेल हे कळत नाही. रत्नागिरी जिल्हा नारिंगी असताना बाहेर लाट बेताची असू शकते, आणि जिल्हा हिरवा असताना ती माणूस ओढून नेऊ शकते. २०२३च्या जूनमध्ये बिपरजॉय वादळ आमच्यापासून शेकडो किलोमीटर लांबून गेलं आणि कच्छमध्ये जखौजवळ किनाऱ्याला लागलं. पण गणपतीपुळ्याला त्याची लाट दुकानांपर्यंत आली आणि जुहूला पाण्यात उतरलेल्या मुलांचे जीव गेले.

तीच गत शब्दांची. “तुरळक ठिकाणी पाऊस” वाचून लोक समजतात, पाऊस थोडा पडेल. तसं नसतं. तुरळक, काही, बऱ्याच, बहुतांश हे शब्द किती जागी पडेल ते सांगतात, किती पडेल ते नाही. तुरळक म्हणजे पंचवीस टक्क्यांपर्यंतच्या केंद्रांवर. त्या पंचवीस टक्क्यांत तुमचं गाव सापडलं तर धो धो पडू शकतो.

समुद्रासाठी वेगळी पानं आहेत. हवामान खातं मच्छीमारांसाठी स्वतंत्र इशारा देतं, त्यात उत्तर महाराष्ट्र किनारा, दक्षिण महाराष्ट्र-गोवा किनारा, पूर्वमध्य अरबी समुद्र, ईशान्य अरबी समुद्र असे भाग असतात. आपण आपल्या किनाऱ्याची ओळ वाचतो आणि पान बंद करतो. माझं म्हणणं, आपली ओळ शेवटी वाचा. आधी पूर्वमध्य आणि आग्नेय अरबी समुद्राच्या ओळी वाचा, लक्षद्वीपच्या बाजूला काय चाललंय ते बघा. आपल्याकडची पावसाळ्यानंतरची वादळं बहुधा तिकडून वर येतात. २००९चं फयान असंच आलं. ९ नोव्हेंबरला डिप्रेशन होतं, ११ला अलिबाग-मुंबईच्या मध्ये किनाऱ्यावर होतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ज्या बोटी तेव्हा बाहेर होत्या त्यांच्या घरच्यांना विचारा, दोन दिवस म्हणजे किती कमी असतात.

दुसरं पान हैदराबादच्या इन्कॉइसचं. १९९९पासून ही संस्था समुद्राचीच माहिती देते. लाटेची उंची, दिशा, दोन लाटांमधला वेळ, वारा, प्रवाह, सगळं तीन-तीन तासांच्या हिशेबानं आणि पुढच्या काही दिवसांसाठी. गंमत अशी की मासळी कुठं मिळेल हे दाखवणारा त्याच संस्थेचा नकाशा आमच्या बंदरात सगळे मागून घेतात, पण लाटेचा तक्ता कुणी उघडत नाही.

त्या तक्त्यात लाट २.५ मीटर लिहिली असेल तर प्रत्येक लाट २.५ मीटरची असेल असं समजू नका. तो सर्वांत मोठ्या एक तृतीयांश लाटांचा सरासरी आकडा असतो. त्याच समुद्रात तासाभरात एखादी लाट जवळजवळ दुपटीनं मोठी येते. कातळावर गळ टाकून बसलेला माणूस अर्धा तास पाणी बघतो, म्हणतो, इथवर येत नाही, आणि त्यानंतर ती एक येते. आमच्याकडे दरवर्षी कातळावरून वाहून जाणारे बहुतेक याच हिशेबात जातात.

उंचीइतकाच दुसरा आकडा बघा, दोन लाटांमधल्या सेकंदांचा. चार-पाच सेकंदांची लाट ही इथल्याच वाऱ्याची. ती त्रास देते, भिजवते, पण वारा पडला की तीही पडते. दहा-बारा सेकंदांच्या वरची लाट लांबून आलेली असते. खोल पाण्यात तिच्यावरून बोट नुसती वरखाली होते आणि तांडेल म्हणतो, काही नाही, बरा आहे दर्या. उथळ पाण्यात, खाडीच्या तोंडावर, पुळणीवर ती उभी राहते. म्हणून बाहेरच्या बोटीनं “बरं आहे” म्हटलं तरी खाडीच्या तोंडाची खबर किनाऱ्यावरच्या माणसाकडूनच घ्यायची. आकडा मिळाला नाही तर स्वतः उभं राहून सेकंद मोजा, त्याला ॲप लागत नाही.

वाऱ्याचे आकडे वाचताना तर जास्तच सांभाळा, कारण इथं माझ्यासमोर घोटाळा झालेला आहे. दोन पोरं दोन वेगवेगळ्या ॲपमध्ये बघत होती. एक म्हणाला वीस, दुसरा म्हणाला सदतीस. भांडायला लागले. दोघंही बरोबर होते, कारण २० नॉट म्हणजेच ताशी ३७ किलोमीटर. तिसरा आला, त्याच्याकडेही वीसच होते, पण ते सेकंदाला वीस मीटर. म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, चक्रीवादळाच्या तोडीचा वारा. कुणाच्याच डोक्यात एकक नव्हतं, सगळे नुसते “वीस” म्हणत होते. वायरलेसवर वारा सांगताना मी आता “ताशी किलोमीटर” हे शब्द उच्चारल्याशिवाय आकडा सांगत नाही. परदेशी ॲपची वेळही तपासा, काही ठिकाणी ती ग्रीनिचची असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रात्री बारा वाजता वारा वाढणार असं वाचलं आणि तो पहाटे साडेपाचला आला तर अंदाज चुकला म्हणायचं नाही.

मच्छीमारांच्या इशाऱ्यात “४५ ते ५५, झोत ६५पर्यंत” अशी भाषा असते. वारा दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यात जी बोट नीट वागते ती ६०मध्ये दुप्पट त्रासदायक होईल असा अंदाज बांधणारा फसतो.

आणि दिशा. त्या शुक्रवारी जमिनीकडून वारा येत होता म्हणून बंदरात पुष्कळांना वाटलं, बाहेर काही नाही. जुने लोक एक खूण सांगतात आणि ती शास्त्राला धरून आहे: वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा, कमी दाब तुमच्या डाव्या अंगाला असतो. आपल्या गोलार्धात वादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो म्हणून. आग्नेयेचा वारा पाठीवर घेतला की तोंड वायव्येला होतं आणि डावा हात नैर्ऋत्येला. क्यार बरोबर तिथंच होतं. संध्याकाळचं खारं वारं आणि पहाटेचं मतलई वारं यांची वेळ ठरलेली असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात भर दुपारी जमिनीकडून जोराचा वारा येऊ लागला तर तो मतलई नसतो, त्याचा बाप दुसरीकडे बसलेला असतो.

आता भरती. यासाठी कसलंही ॲप नको, घरातलं पंचांग पुरे. तिथीला पाऊणनं गुणायचं, पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा, सहा वाजता. द्वादशीला बारा पाऊण नऊ. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. हा हिशेब मुंबईचा. दक्षिणेकडे याल तशी भरती थोडी आधी होते, किती ते आपल्या बंदरात चार दिवस बघून ठरवावं. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पुरती ओहोटी. २०१९च्या त्या शुक्रवारी द्वादशी होती. म्हणजे दुपारी तीनला पाणी तळाला असणार हे पंचांगात आठ दिवस आधीपासून छापलेलं होतं, वर्षभर आधीपासून म्हटलं तरी चालेल. आमच्या पाऊणकी पाठ असलेल्या वडिलांनी ते तोंडानं सांगितलं असतं.

आठवड्याच्या अंदाजात भरती घालायची ती अशी. अमावास्या-पौर्णिमेला आणि पुढे दोन-तीन दिवस उधाण असतं. पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, खाडीच्या तोंडाशी ओढ जोराची. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, चढउतार कमी. उधाणाच्या दिवसांत लांबची लाट आली तर किनाऱ्यावरची घरं आणि बागा धोक्यात, भांगाच्या दिवसांत तीच लाट पुळणीवर संपते. पण भांगात खाडीच्या तोंडावर पुरेसं पाणी भरतच नाही, हेही लक्षात असू द्या. बोटवाल्याला दोन्हीकडून हिशेब आहे.

हे सगळं कशासाठी बघायचं? बहुतेक लोक निघायचं की नाही ते ठरवायला बघतात. माझ्या मते त्याचा उपयोग परतीसाठी आहे. निघतानाचा समुद्र डोळ्यांना दिसतोच, त्याला अंदाज कशाला हवा? सहा दिवसांची फेरी असेल तर सहाव्या दिवशी, कुठल्या तासाला, कुठल्या खाडीच्या तोंडावर आपण असू, तिथं तेव्हा वारा-लाट-भरती काय असेल, हे आज विचारायचं. पाचव्या-सहाव्या दिवसाचा अंदाज नेमका नसतो, नुसता कल दाखवतो. तोच कल पुरे असतो, कारण मग रोज संध्याकाळी नवा अंदाज बघून परतीचा बेत सुधारता येतो. आमची बोट मोकळ्या समुद्रात ताशी बारा-तेरा किलोमीटर जाते, समोरून लाट असेल तर आठही पडत नाहीत. ऐंशी किलोमीटर बाहेर असलेल्या बोटीला चांगल्या हवेत सहा-साडेसहा तास, वाईट हवेत दहाच्या वर. त्यात जाळं ओढायचा वेळ धरा आणि आत शिरायला भरतीची वाट बघायचा वेळ धरा. इशारा चोवीस तास आधी मिळाला तरी हातात उरतात ते बाराच.

क्यारनंतर लगेच महा वादळ आलं, हे बहुतेक लोक विसरतात. भाऊबीज २९ ऑक्टोबरला झाली, हवा उघडली, दिवाळीचे खर्च झालेले, आणि काही बोटी लगोलग निघाल्या. ३०ला लक्षद्वीपच्या बाजूला दुसरं वादळ तयार झालं. पुन्हा निरोप, पुन्हा परत. दोन वादळांमधली ती उघडीप आपल्या किनाऱ्याच्या ओळीत छान दिसत होती. आग्नेय अरबी समुद्राच्या ओळीत दिसत नव्हती.

पर्यटकांसाठी थोडक्यात. लाटेच्या तक्त्यात दोन मीटरच्या वर आकडा असेल किंवा सेकंद बाराच्या वर असतील तर कमरेपर्यंतसुद्धा उतरू नका, ऊन कितीही असो. ओहोटी चालू असताना खाडीच्या तोंडाजवळ पोहू नका. ढग गडगडत असतील तर पुळणीवर फिरू नका, त्यासाठी पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ ॲप चांगलं आहे, वीज कुठं पडते आहे ते जवळपास लगेच दाखवतं. ऑक्टोबरातल्या संध्याकाळचे वळवासारखे झोत आठवड्याच्या अंदाजात सापडत नाहीत, ते असे त्या त्या वेळीच बघावे लागतात. बंदरावर तीन नंबरचा बावटा असेल तर फेरीबोटवाल्याशी हुज्जत घालू नका. उलट तो बावटा असताना “काही होत नाही, बसा” म्हणणाऱ्याच्या बोटीत बसू नका. व्हॉट्सॲपवर येणारे खवळलेल्या लाटांचे व्हिडिओ पाहून घाबरूही नका, त्यातले अर्धे दुसऱ्या देशांतले असतात आणि तौक्ते वादळाच्या वेळचा एक तर दरवर्षी नव्यानं फिरतो.

बोटीत वायरलेसचं चॅनेल १६ मोकळं ठेवा, त्यावर गप्पा मारू नका. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर फोनमध्ये नुसता साठवून उपयोग नाही, सुकाणूजवळ रंगानं लिहा, कारण घाईत फोन ज्याचा त्याच्या खिशात असतो. लाइफ जॅकेट खालच्या कप्प्यात जाळ्याखाली ठेवलेली मी इतक्या बोटींवर पाहिली आहेत की त्याबद्दल आता बोलायचाही कंटाळा येतो.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि खरी गोम तिथंच आहे. इशारा सगळ्यांना मिळतो. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते येणार हे काही दिवस आधीपासून सांगितलं जात होतं, तरी मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात पी-३०५ नावाच्या बार्जवर २६१ माणसं होती, आणि त्यातली सत्तरहून अधिक परत आली नाहीत. वाऱ्याचा आकडा ठाऊक असणं आणि काम थांबवायचा अधिकार असणं यात फार अंतर आहे. आमच्याकडे ते अंतर डिझेलचं असतं. फेरी अर्ध्यावर टाकून बोट परतली आणि वादळ वळून गेलं, तर बर्फ वितळलेला, डिझेल जळलेलं, मासळी नाही. मालक तोंडानं काही म्हणत नाही, पण हिशेबाच्या दिवशी खर्च आधी वजा होतो आणि खलाशांच्या वाट्याला काही उरत नाही. पुढच्या वेळी इशारा आला की तांडेल विचार करतो, उगाच कशाला, बघू उद्यापर्यंत. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

आम्ही त्यावर तोड काढली ती अशी. इशाऱ्यामुळे फेरी मोडली तर त्या फेरीचं डिझेल आणि बर्फ मालकाच्या खात्यात, वाट्यातून वजा होत नाही. खलाशाला त्या दिवसांचा शिधा आणि ठरलेली उचल मिळते. कुठल्या बंदरात शिरायचं हे तांडेल ठरवतो, मालक नाही, आणि दिवाळी असो की शिमगा, घरच्यांनी वायरलेसवरून “घरीच या” म्हणायचं नाही. भावानं सुरुवातीला कुरकुर केली. मी त्याला गेलेल्या जाळ्याची पावती दाखवली, ती रक्कम कित्येक मोडलेल्या फेऱ्यांच्या डिझेलपेक्षा जास्त होती. बंदरातल्या काही मालकांना हे पटलं, बाकीचे म्हणतात, अशानं तांडेल जरा ढग आला की परत येतील. गेल्या हंगामात आमचे मामा दोनदा मधूनच परतले. एकदा वारं आलं, एकदा आलं नाही. दोन्ही वेळचं डिझेल वहीत एकाच रकान्यात मांडलेलं आहे.